पोलिसांच्या नेमबाजाला दुसरी गोळी लागतेच कशाला?

सोरेगावकर

काल ‘होटगी रोड’ यांनी इथं एक पोस्ट टाकली. थोडक्यात म्हणणं असं: बोल्ट ऍक्शन रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट ओढून पुढची गोळी भरायची, ही आता संग्रहालयात ठेवायची वस्तू आहे, सोलापूरच्या शीघ्र कृती दलातल्या प्रत्येक नेमबाजाच्या हातात सेमी-ऑटो, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल द्या, म्हणजे 26/11सारखा प्रसंग आला तर पोलिसांचे हात बांधलेले राहणार नाहीत. खाली वाहवाच वाहवा. एकालाही प्रश्न पडला नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझी सगळी नोकरी राखीव दलात गेली, त्यातली बरीचशी कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, हत्यारं दुरुस्त करणारा आर्मोरर म्हणून. आधी 26/11चं बघू. सीएसटीवर पोलिसांकडं जुन्या .303 रायफली होत्या आणि समोर एके-47, हे खरं आहे. पण ती उणीव गस्तीवरच्या शिपायाच्या हत्याराची होती. लांबून एका माणसावर नेम धरून बसणाऱ्याचा तिथं संबंधच नव्हता. दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करून मागणी केली की सरकार भलतंच काहीतरी विकत घेऊन ठेवतं.

आणि सेमी-ऑटोचं एवढं अप्रूप कशाला? इच्छापूरच्या कारखान्यातली एसएलआर रायफल आपल्या पोलिसांनी कित्येक वर्षं खांद्याला लावली, ती सेमी-ऑटोच. वीस गोळ्यांचं मॅगझिन. तेवढ्यानं कुणी नेमबाज झालेला मी पाहिला नाही.

पोलीस नेमबाजाचं काम बहुतेक वेळा शंभर मीटरच्या आतलं असतं. पण ज्याला टिपायचं त्याच्या गालाला गाल लावून ओलीस उभा असतो. शंभर मीटरवर एक मिनिट कोनाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा फरक म्हणजे जवळजवळ तीन सेंटीमीटर. रायफल, काडतूस आणि माणूस, तिघांनी थोडा थोडा फरक केला की ओलीस गेला. तिथं मोजली जाते ती थंड, म्हणजे आधी न झाडलेल्या नळीतून सुटलेली पहिली गोळी. बोल्ट एकदा बसला की तो हलत नाही, नळीवर गॅसचा पिस्टन नाही, बिघडायला फारसं काही नाही. सुटलेल्या गोळीच्या गॅसच्या जोरावर आपोआप भरणाऱ्या रायफलीला निगा लागते. एसएलआरचा गॅस कमी-जास्त करणारा रेग्युलेटर नीट लावलेला नसला की सरावाला पहिल्या गोळीनंतरच ती अडते, मग जवान हातानं कॉकिंग करत, म्हणजे गोळी भरत बसतो. हे माझ्यासमोर इतक्या वेळा झालंय की सांगायची सोय नाही. ती रायफल वाईट नव्हती. निगा राखायला वेळ आणि शिकलेला माणूस लागतो, तो कुणी देत नाही.

आपल्या गावाकडं बघा. अक्कलकोट रोडच्या यंत्रमागाच्या शेडला पत्रा, भवानी पेठेतल्या घरांना पत्रा. 7.62 मिलिमीटरची गोळी पत्र्याला विचारत नाही. एक चुकली म्हणून पाठोपाठ दुसरी, तिसरी सोडायची सोय हातात दिली, तर त्या गोळ्या कुणाच्या स्वयंपाकघरात जाणार?

होटगी रोड

काय बोलायलाव मालक? पोस्ट नीट वाचली तरी का? मी धडाधड गोळ्या सोडा असं कुठं म्हणलं? सेमी-ऑटो म्हणजे मशीनगन नव्हे, एकदा चाप ओढला की एकच गोळी. फरक एवढाच की दुसऱ्या गोळीसाठी बोल्ट मागंपुढं करावा लागत नाही, म्हणून नेमबाजाचा गाल रायफलीवरून उठत नाही आणि दुर्बिणीतला माणूस नजरेआड होत नाही.

म्युनिक आठवा, ऑलिंपिकमधल्या ओलिसांचं. सप्टेंबर 1972, फुर्स्टेनफेल्डब्रुकचा विमानतळ. आठ अतिरेकी आणि पोलिसांचे नेमबाज पाच. सगळे ओलीस मेले, एक पोलीसही मेला. त्यातून धडा घेऊन हेक्लर अँड कॉखनं पीएसजी-1 बनवली, खास पोलिसांसाठी, सेमी-ऑटो. आपल्या एनएसजी कमांडोंकडंही ती आहे. ते सगळे येडे आणि आपल्या कोतमधले शहाणे?

शिवाय काच. बस असो, बँक असो, पहिली गोळी काच फोडताना वाट सोडू शकते. तेव्हा लगेच दुसरी लागते. तुम्ही बोल्ट ओढेस्तोवर आत मुडदा पडलेला असतो.

सोरेगावकर

कोतमधल्यांना नावं ठेवू नका. म्युनिकला त्या पाच जणांच्या हातात काय होतं ते माहीत आहे का? जी-3. ती स्वयंचलितच रायफल, दुसरी गोळी क्षणात सुटते. मग का हरले? दुर्बिणी नव्हत्या, रात्री बघायचं साधन नव्हतं, आपसात बोलायला वायरलेस नव्हता आणि त्यांतला एकही खरा प्रशिक्षित नेमबाज नव्हता. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूनं साक्ष देतंय.

पीएसजी-1 उत्तम रायफल आहे, नाकारत नाही. पण वजन सात किलोच्या पुढं. आणि ती रायफल रिकामी पुंगळी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं कवच, इतक्या जोरात लांब फेकते की गच्चीवरून खालच्या बोळात जाऊन पडेल. काचेसाठी जगभर दोन नेमबाज एकाच इशाऱ्यावर एकदम चाप ओढतात. त्याला दोन शिकलेली माणसं लागतात.

सात रस्ता (वकील)

पुंगळीवरून बोलते. सर्वोच्च न्यायालयाचा 2014चा पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र हा निकाल सगळ्यांनी वाचायला हवा. पोलिसांच्या गोळीनं माणूस मेला की गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची, आणि गोळी झाडणाऱ्यानं हत्यार न्यायवैद्यक तपासणीला जमा करायचं. पुंगळी कुठं पडली, किती पडल्या, यावर त्या शिपायाची नोकरी आणि कधीकधी तुरुंग ठरतो. रायफल कोणती, यापेक्षा गोळी घालायचा आदेश कुणी, कधी आणि नोंद करून दिला का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 1930 साली याच गावानं गोळीबार आणि मार्शल लॉ भोगला आहे. बंदुकीचं कौतुक करताना सोलापूरकरांनी जरा जपून करावं.

होटगी रोड

ताई, मार्शल लॉ इंग्रजांचा होता. त्याचा आणि ओलीस सोडवण्याचा काय संबंध?

सात रस्ता (वकील)

संबंध जबाबदारीचा. वर्दी कुणाचीही असो.

पार्क स्टेडियम

मी स्पर्धेत नेमबाजी करते, पोलिसात नाही. जी-3च्या मुद्द्यावर सोरेगावकर काका बरोबर आहेत. अजून एक प्रसंग सांगते. फेब्रुवारी 1976, आफ्रिकेत जिबूतीजवळ लोयादा. फ्रेंच मुलांची शाळेची बस अतिरेक्यांनी पळवलेली. जीआयजीएन या फ्रेंच कमांडो पथकाचे नेमबाज कित्येक तास वाळूत पडून राहिले, सगळे लक्ष्य एकाच वेळी दुर्बिणीत येईपर्यंत. मग एकदम गोळ्या सुटल्या. रायफल होती एफआर एफ-1, बोल्टचीच. तरीही दोन मुली वाचल्या नाहीत, हेही सांगायला पाहिजे. कुठलंच हत्यार सगळं निभावून नेत नाही. काम केलं ते धीरानं आणि एकमेकांच्या आवाजावर असलेल्या भरवशानं.

करमाळ्याचा गडी

तुम्ही सगळे जर्मनी आणि आफ्रिका फिरून आलाव. डिसेंबर 2020ला आमच्या करमाळा तालुक्यात बिबट्यानं तीन जीव घेतले तेव्हा हे नेमबाज कुठं होते लका? शेवटी मारला तो खासगी नेमबाजानं, परवानगी काढून. पोलिसांकडं एक चांगली सेमी-ऑटो आणि एक धड माणूस असता तर पहिल्या बळीनंतरच काम झालं असतं.

सोरेगावकर

बिबट्याचा विषय इथं नको. ती वनखात्याची बाब.

करमाळ्याचा गडी

का नको? माणूस मेला की पोलिसांची बाब आणि बिबट्यानं खाल्ला की वनखात्याची? आमच्या वस्तीवर सूर्य बुडायच्या आत दारं लागायची. पोरं संडासला बाहेर जायची नाहीत, म्हातारी माणसं काठी घेऊन दारात बसायची. सरकारी गाड्या यायच्या, भोंगा वाजवून जायच्या. आणि पिकाला पाणी द्यायचं तर लाईट रात्रीची! केळीत आणि उसात अंधारात बारे धरायला जा आणि बिबट्याच्या तोंडी पडा. दिवसा लाईट द्या म्हणून सगळा तालुका ओरडत होता.

सात रस्ता (वकील)

तुमचा राग समजतो. पण पोलिसानं बिबट्याला आपल्या मनानं गोळी घातली असती तर तोच आरोपी झाला असता. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 11. अनुसूची एकमधला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेला प्राणी माणसाच्या जिवाला धोका झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशानंच मारता येतो. आधी पिंजरा, आधी बेशुद्ध करायचा प्रयत्न, ते जमत नाही असं त्यांचं समाधान झाल्यावर.

करमाळ्याचा गडी

कलम घेऊन उसात शिरा ताई. आदेश निघेपर्यंत लोकं मरायलीत, आणि तुम्ही आधी पिंजरा, आधी इंजेक्शन! माणसाला गोळी घालायला वर्दीवाल्याला जागेवर ठरवता येतं आणि जनावराला मारायला मुंबई-नागपूरहून कागद यायला लागतो. हे कुठल्या डोक्यानं लिहिलं?

सात रस्ता (वकील)

माणसाला गोळी घालायलाही जागेवर मनमानी करता येत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 38 वाचा. आपला किंवा दुसऱ्या कुणाचा जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल, यासारखी रास्त भीती लागते. आणि माझ्याशी या भाषेत बोलू नका.

होटगी रोड

गडी चुकीच्या सुरात बोलतोय पण मुद्दा खरा आहे. बिबट्या अंगावर आला तर पहिल्या गोळीनंतर बोल्ट ओढायला वेळ कोण देणार? इथं तरी सेमी-ऑटो मान्य करा काका.

सोरेगावकर

आता तुम्हीही तिकडंच निघालात. ऐका मग. रात्री उसाच्या फडात बिबट्या दिसतो तो दहा-पंधरा पावलांवर, तोही पापणी लवेपर्यंत. तिथं दुर्बिणीची रायफल, बोल्ट असो वा सेमी-ऑटो, दोन्ही निकामी. मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीत नुसती पानं दिसतील. तिथं बाराबोअर छर्ऱ्याची बंदूक पाहिजे आणि जनावराची चाल ओळखणारा माणूस. पोलिसाला माणसाच्या हालचाली शिकवलेल्या असतात. बिबट्याला एक गोळी चुकीच्या जागी लागली, तर जखमी जनावर उसात घेऊन बसाल, आणि मग वस्तीवर खरी आफत येईल. म्हणून शिकाऱ्याला बोलावणं बरोबरच होतं. उशीर झाला, तो झाला.

करमाळ्याचा गडी

उशीर झाला, एवढं तरी म्हणालात. आमच्याकडं कुणी तेवढंही म्हणलं नव्हतं.

भवानी पेठ

तुमचं झालं असेल तर बोलू का? माझा भाऊ शिपाई आहे. क्वार्टरचं छत गळतं, पावसाळ्यात पोरांची पुस्तकं पलंगावर ठेवावी लागतात. वर्षाकाठी फायरिंगला नेतात, मोजून काडतुसं देतात आणि संध्याकाळी पुंगळ्यांचा हिशेब लागेपर्यंत कुणाला घरी सोडत नाहीत. एकदा एक पुंगळी गवतात हरवली तर सगळी तुकडी अंधार पडेस्तोवर मैदान धुंडाळत होती. पंढरपूरची आषाढी, गड्ड्याची यात्रा, निवडणूक, कुणाची तरी सभा, बंदोबस्त संपत नाही. त्यातून माणूस नेमबाज कधी होणार? लाखांची रायफल आणाल आणि ती कोतमध्ये कुलूपबंद राहील. आधी काडतुसं द्या, झोप द्या.

पार्क स्टेडियम

हाच धाग्याचा खरा मुद्दा आहे. मी साध्या .22वर सुद्धा काडतुसाचा लॉट, म्हणजे एका खेपेचा माल, बदलला की पुन्हा गोळ्या झाडून त्या कुठं एकवटतात ते बघते, कारण गोळी दुसरीकडं लागते. पोलिसाला सरावाला एक काडतूस आणि प्रसंगाला दुसरंच मिळालं तर रायफल कुठलीही असो, आधीच्या काडतुसावर जुळवून ठेवलेली दुर्बीण खोटी ठरते. त्यात आपला मे महिना. गच्चीवर पारा 42च्या पुढं, दुर्बिणीत हवा उकळताना दिसते, लक्ष्य हलतं. हे वर्गात शिकवून येत नाही, तापलेल्या सिमेंटवर पालथं पडूनच येतं.

होटगी रोड

सरावाचं मान्य. ताईंच्या भावाचंही मान्य. पण ‘आधी सराव, मग हत्यार’ असं म्हणत म्हणत उत्तर प्रदेश पोलिसांनी .303 सोडायला 2020 उजाडलं. सरावाच्या नावाखाली जुनंच गळ्यात बांधून ठेवायचं, ही आपल्याकडची रीत आहे. अमेरिकन लष्करानं एम24 बोल्टच्या जोडीला एम110 सेमी-ऑटो घेतलीच ना?

सोरेगावकर

घेतली. आणि त्याच एम24 बदलून .300 विंचेस्टर मॅग्नमच्या एम2010 केल्या, त्याही बोल्टच. अर्धं सांगू नका. शिवाय लष्कराच्या नेमबाजाची गोळी चुकली तर मातीत जाते, आपल्याकडं चुकली तर शेजाऱ्याच्या घरात.

तरी एक सांगतो, मग माझं झालं. जोडीतल्या मुख्य नेमबाजाला बोल्टच राहू द्या. त्याच्या शेजारी दुर्बीण घेऊन बसणारा जो असतो, त्याच्या हातात सेमी-ऑटो असायला माझी हरकत नाही. आरोपी एकाऐवजी तीन निघाले, काच आडवी आली, गाडी चालू झाली, तर तो लगेच साथ देऊ शकतो. पण दोन्ही रायफलींना एकाच लॉटचं मॅच (स्पर्धेच्या) दर्जाचं काडतूस, दर महिन्याला थंड नळीचा सराव, प्रत्येक गोळीची वहीत नोंद आणि गॅसच्या रायफलीसाठी शिकलेला आर्मोरर. हे लेखी असेल तर द्या. नसेल तर एकही देऊ नका.

होटगी रोड

मी प्रत्येक नेमबाजाला म्हणत होतो, तुम्ही जोडीला एकावर आलाव. चालेल. पण बोल्ट संग्रहालयातली, हे मी मागं घेत नाही. दहा वर्षांनी बघू.

भवानी पेठ

महिन्याला सराव म्हणालात. त्या दिवशीचा बंदोबस्त कुणाच्या गळ्यात घालणार, तेही लिहा. नाहीतर माझ्या भावाची साप्ताहिक सुट्टी जाईल.

सोरेगावकर

बाई, तो प्रश्न रास्त आहे. सरावाचा दिवस ड्युटीतच धरायचा, सुट्टीत नाही. मागणीत पहिल्या ओळीत तेच घालू.

करमाळ्याचा गडी

आणि दिवसाच्या लाईटीचं कोण घालणार? आमच्या फीडरला अजून रात्रीचीच पाळी येते.