आवडतं कल्पित जग कोणतं, आणि ते कशाच्या जोरावर उभं राहतं?

पंचवटी_वाचक

२०२१ मध्ये नाशिकला साहित्य संमेलन झालं, तेव्हा अध्यक्ष होते जयंत नारळीकर. विज्ञानकथाकाराला हा मान मिळाला, पण अख्खं जग नव्याने रचून त्यात गोष्ट घडवणं मराठीत अजून फारसं दिसत नाही. एका दीर्घकथेसाठी तसा प्रयत्न करायचा आहे. आराखडा असा: समुद्राजवळ डोंगररांग, तिच्यातून निघणारी मोठी नदी, पुढे तिचे दोन फाटे आणि प्रत्येक फाट्यावर एक राज्य. डोंगरात ओस पडलेलं जुनं शहर. आणि पाणी वश करणारी विद्या.

अद्भुतकथा-विज्ञानकथांमधलं तुमचं सगळ्यात आवडतं जग कोणतं आणि त्यावर विश्वास का बसतो, ते सांगा. नवा लिहिणारा कुठे चुकतो तेही सांगा. वर्णन कसं करावं हे नको. नकाशा, अंतरं, अन्नपाणी, नावं, यांवर नेमकं हवं आहे.

घाटमाथा

माझं मत टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या मिडल-अर्थला. आधी नकाशा केला आणि गोष्ट त्यात बसवली, असं त्याने स्वतः पत्रात लिहून ठेवलं आहे. वाचताना ते जाणवतं. माणसं थकतात, शिदोरी संपते, वाट चुकली की चार दिवस वाया जातात.

तुमच्या नकाशात आधी पाणलोट ठरवा. समुद्राजवळच्या डोंगरात उगम पावलेली नदी समुद्राकडेच जाईल असं नाही. त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर, पण ती पाठ फिरवून पूर्वेला जाते आणि १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतली वैतरणा मात्र पश्चिमेला उतरते. मधला माथा हाच काय तो फरक. पठाराचा उतार पूर्वेकडे आहे, म्हणून माथ्याच्या अलीकडे पडलेला थेंब एका समुद्रात आणि पलीकडचा दुसऱ्या समुद्रात. तुमच्या जगात असा माथा कुठे आहे ते पेन्सिलीने आधी आखा, नद्या मागाहून काढा. उलट केलंत तर नदी चढावर वाहायला लागते.

मग पाऊस. वारा समुद्रावरून येतो, डोंगराला अडतो, वर चढताना थंड होतो आणि तिथेच रिकामा होतो. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून जेमतेम ५० किलोमीटरवरच्या सिन्नरला त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. म्हणून पश्चिमेला भात, नागली (नाचणी), वरई, आणि पूर्वेला बाजरी. याचा कथेत उपयोग असा: तुमचा प्रवासी तीन दिवस पूर्वेला चालला की ताटातली भाकरी बदलली पाहिजे. तांबूस-काळपट नागलीची भाकरी जाऊन करड्या-हिरवट बाजरीची आली, एवढ्या एका गोष्टीने वाचकाला कळतं की तो डोंगर ओलांडून आलाय. पावसाचं वेगळं वर्णन लागत नाही.

अंतरं: पायी माणूस दिवसाला २५ ते ३० किलोमीटर, लादलेली बैलगाडी २० ते २५. मोठा जमाव याहून हळू. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरपूरला पोचायला चार आठवड्यांच्या जवळपास लागतात, आणि अंतर चारशे किलोमीटरहून थोडंसंच जास्त. तुमचं सैन्य हेच अंतर आठ दिवसांत कापत असेल तर त्याचं कारण लिहावं लागेल.

सैन्याचा हिशेब नवखे लेखक हमखास विसरतात. माणशी रोज १ किलो धान्य धरा. १०,००० माणसांना रोज १० टन. कच्च्या वाटेवर गाडी अर्धा टन नेते, म्हणजे दिवसाला २० गाड्या, १५ दिवसांच्या मोहिमेला ३०० गाड्या आणि ६०० बैल. बैलाला रोज १० किलो वैरण धरली तर आणखी ६ टन, आणि ती गाडीत घालायची म्हटली की गाड्या वाढतात, बैल वाढतात, परत वैरण वाढते. म्हणून चारा वाटेतच मिळाला पाहिजे. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करायच्या त्यामागे हेच आहे: नद्या उतरलेल्या, रस्ते वाळलेले, चारा उभा, खरीप हाताशी. तुमच्या दोन राज्यांचं युद्ध श्रावणात पेटवू नका. काळ्या मातीत गाडी आसापर्यंत रुतते.

त्रिज्या_आणि_वेग

मी विज्ञानकथेकडून बोलतो. आवडतं जग आर्थर क्लार्कच्या कादंबरीतलं रामा हे अवकाशयान, १९७३. ५० किलोमीटर लांब, २० किलोमीटर व्यासाचं पोकळ दंडगोल. ते ४ मिनिटांत एक फेरी घेतं, आतली जमीन अक्षापासून ८ किलोमीटरवर. फिरण्यामुळे आतल्या जमिनीवर जी ओढ जाणवते तिचं गणित करून बघा: ४ गुणिले π चा वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले फेरीच्या वेळेचा वर्ग. ८,००० मीटर आणि २४० सेकंद घातले की साधारण ५.५ येतात, म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या निम्म्याहून थोडे जास्त. अक्षाकडून जिन्याने उतरताना वजन पायरी-पायरीने वाढत जातं आणि लेखकाने ते पाळलं आहे. सगळा विश्वास तिथे बसतो.

हेच सूत्र लहान यानाला लावलं की अडचण दिसते. त्रिज्या १० मीटर असेल तर पृथ्वीएवढ्या ओढीसाठी सव्वासहा-साडेसहा सेकंदांत एक फेरी हवी. डोकं पायांपेक्षा अक्षाच्या जवळ, त्यामुळे डोक्याला ओढ सुमारे १७ टक्के कमी. ३० सेंटिमीटर वरून चहा ओतलात तर धार फिरण्याच्या उलट दिशेला जवळपास ५ सेंटिमीटर सरकून पडते, कप बशीसकट चुकतो. मिनिटाला दोनच फेऱ्या हव्या असतील तर त्रिज्या २२४ मीटर लागते, तिथे धार सेंटिमीटरभरच ढळते. मग पात्रं कप थोडा बाजूला धरून चहा ओततात एवढंच दाखवा, सूत्र छापू नका.

चुकीचं उदाहरण म्हणाल तर लॅरी निव्हनचं रिंगवर्ल्ड, १९७०. एका ताऱ्याभोवती अखंड कडं, आतल्या बाजूला वस्ती. कल्पना भव्य, पण असं घन कडं जरा सरकलं की ताऱ्याजवळची बाजू जास्त ओढली जाते आणि ते सरकतच राहतं. सावरणारं बल नाही. शनीची कडी घन असू शकत नाहीत हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८५९ मध्ये याच अंगाने मांडलं होतं. १९७१ च्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी रिंगवर्ल्ड अस्थिर आहे अशा घोषणाच दिल्या. निव्हनने ते मनावर घेऊन १९८० च्या पुढच्या भागात कड्याच्या काठावर सावरणारी इंजिनं बसवली. चूक झाकली नाही, तिच्यातूनच पुढची गोष्ट काढली. मला हे फार मोलाचं वाटतं.

जुनी_पेठ

वरच्या दोघांनी जमीन आणि गणित सांगितलं. जुन्या शहराबद्दल कोणी बोललं नाही, आणि बहुतेक कल्पित जगं तिथेच पुठ्ठ्याची वाटतात. ओस शहराचं खरं नाव, ते बांधणारा राजा, पडण्याचं कारण, सगळं गावातल्या म्हाताऱ्याला तोंडपाठ! असं कुठे असतं?

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरची बौद्ध लेणी बघा. सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळातले दानलेख भिंतीवर कोरलेले आहेत, पण लोकांच्या तोंडी ती पांडवलेणी. लिपी वाचता येईनाशी झाली की लोक आपल्याला ठाऊक असलेल्या मोठ्या माणसांच्या नावावर वास्तू लावतात. तुमच्या ओसाड शहराला आधी चुकीचं नाव द्या. खरं नाव भिंतीवर असू द्या, आणि ते वाचणारं पात्र निम्म्या कथेनंतर येऊ द्या.

शहराच्या नावाच्याही दोन तरी व्युत्पत्ती ठेवा. नाशिक शूर्पणखेच्या नासिकेवरून की नऊ शिखरांवरून, हा वाद आजही चालतो, आणि मधे मुघलांनी ठेवलेलं गुलशनाबाद हे नाव येऊन गेलं. नावांचे असे थर दिसले की राज्य बदलल्याचं वेगळं सांगावं लागत नाही.

आणि नाणी! १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. जुनं नाणं वितळवलं नाही, तसंच घेतलं आणि वर शिक्का हाणला. एक नाणं तळहातावर ठेवून तिरपं धरलं की नव्या खुणेच्या कडेने जुन्या राजाचं नाक-कपाळ डोकावतं. जिंकलेल्या राज्याचं याहून नेमकं चित्र मला सुचत नाही.

नावं पाडताना सगळ्यांना संस्कृत मुकुट घालू नका. खेडी झाडांवरून आणि पाण्यावरून ओळखली जातात: पिंपळगाव, उंबरठाण, ओझर. राजधानीचं नाव जड चालेल, पाड्याचं नाही. मापंही गावागणिक बदला. एका बाजारातली पायली दुसऱ्या बाजारात कमी भरते, आणि त्यावरून भांडण होतं.

कोजागिरी

आवडतं जग: उर्सुला ले ग्विनचं अर्थसी, १९६८ पासूनचं. तुम्हाला पाण्याची विद्या हवी आहे म्हणून हेच सुचवते. तिथे वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता चालते. पण अख्ख्या समुद्रावर मंत्र टाकायचा तर प्रत्येक उपसागराचं, प्रत्येक पट्ट्याचं नाव ठाऊक हवं, आणि तेवढं कोणालाच ठाऊक नसतं. विद्या काय करू शकत नाही हे आधी ठरलंय, म्हणून ती खरी वाटते.

तुमच्याकडे पाणी वश होतं. किती? घडाभर की धरणभर? घन मीटरचं वजन १ टन. ते १० मीटर वर चढवायला लागणारं बळ कुठून येतं? करणाऱ्याच्या अंगातून येत असेल तर त्याला भूक लागली पाहिजे, ताप आला पाहिजे. नदीच्याच वेगातून येत असेल तर खालच्या गावाचं पाणी मंदावलं पाहिजे आणि तिथले लोक चिडले पाहिजेत. किंमत एकदा ठरली की प्रत्येक प्रसंगात तीच वसूल करा.

फ्रँक हर्बर्टच्या ड्यूनमध्ये, १९६५, घामाचा थेंबही वाया न घालवणारा पोशाख आहे. पाण्याचा हिशेब चोख, उष्णतेचा कच्चा. घाम वाळतो तेव्हाच अंग थंड होतं, आणि तीच वाफ पोशाखात परत पाणी झाली की काढून नेलेली उष्णता तिथेच परत सुटते. ती बाहेर टाकायची सोय लागते. पण झाडं नसताना प्राणवायू कुठून येतो, याचं उत्तर मात्र त्याने वाळूतल्या महाकाय अळ्यांकडे देऊन ठेवलं आहे, हे फार पुढचं पाहणं.

चंद्राकडे लक्ष ठेवा. टोल्किनलाही चंद्र अशक्य जागी उगवतोय हे मधेच ध्यानात येऊन दुरुस्त्या कराव्या लागल्या. आपल्याकडे पंचांग घरात असतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, संकष्टीचा साधारण रात्री नऊच्या सुमारास, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीकडे. रोज सरासरी ५० मिनिटं उशीर. तुमचा हेर अमावास्येच्या रात्री चांदण्यात भिंत चढत असेल तर कोणीतरी पत्र लिहील.

पंचवटी_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. नाण्याची गोष्ट कथेच्या मध्यभागी जाणार. एक अडचण: घाटमाथा यांचं वाचल्यावर नदीच्या दोन फाट्यांची शंका वाटतेय. डोंगरातून बाहेर पडताच ती दुभंगते आणि दोन्ही फाटे वेगळ्या समुद्रांना जातात असं धरलं होतं.

घाटमाथा

ते बदला. उतारावर एक फाटा दुसऱ्यापेक्षा थोडा खोल असतोच. जास्त पाणी तिकडे वळतं, तो आणखी खोल कापला जातो, आणि दुसरा काही काळात कोरडा पडतो. नद्या एकमेकींना येऊन मिळतात. दारणा, कादवा गोदेला मिळतात तशा. कायमचे फाटे फुटतात ते मुखाजवळ, जिथे उतार जवळजवळ संपतो आणि गाळ साचतो. गोदावरीचे गौतमी आणि वसिष्ठा हे फाटे राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमनंतर होतात, सगळा प्रवास संपत आल्यावर.

तुम्हाला दोन राज्यं हवीच आहेत, तर ती त्रिभुज प्रदेशात ठेवा. पुरात फाटा जागा बदलतो, काल या राजाकडे असलेलं बेट आज त्या राजाकडे जातं, आणि सीमा कुठे हे दरवर्षी गाळ उपसून मोजावं लागतं. विद्या पाणी वळवणारी असेल तर तिचा सगळ्यात जास्त उपयोग आणि सगळ्यात जास्त नुकसानही तिथेच. किंवा दुसरा फाटा माणसांनी खोदलेला कालवा करा. मग तो कोणी खोदला, तोंडाशी गाळ कोण काढतो आणि दरवाजाची किल्ली कोणाकडे, हे ठरवूनच नकाशावर काढा.