पोर्ट्समथ ते सांतांदेर : कुत्रीला घेऊन तीस तासांचा बोटीचा प्रवास

साउदॅम्प्टनकर

नमस्कार. येत्या सप्टेंबरात पोर्ट्समथहून बोटीने उत्तर स्पेनमधील सांतांदेरला आणि तिथून गाडीने पुढे जाण्याचा आमचा बेत आहे. सोबत आमची चिंगी असेल. ती सात वर्षांची देशी कुत्री असून तीन वर्षांपूर्वी आम्ही तिला पुण्याहून विमानाच्या मालकक्षातून इंग्लंडला आणले. त्या प्रवासात तिने पिंजऱ्याची अशी धास्ती घेतली आहे की पिंजऱ्याच्या कडीचा आवाज जरी झाला तरी ती पलंगाखाली जाऊन बसते. गाडीत मात्र ती खुशाल झोपते. तेव्हा डोव्हर-कॅले मार्गावर जसे कुत्र्याला गाडीतच ठेवतात, तसे या बोटीवर करता येईल का? तिला थोडे गुंगीचे औषध देऊन न्यावे, असे एका स्नेह्यांनी सुचवले आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने तिला एकदा नेले होते, पण तो तासाभराचा मामला होता. इथे सुमारे तीस तास आहेत आणि मधे बिस्केचा उपसागर आहे. शिवाय तिचे पोट नाजूक असल्याने प्रवासात आम्ही तिला दहीभात देतो, तो सोबत नेता येईल का? ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

लाटांवर

आम्ही आमच्या लॅब्रॅडॉरला घेऊन या मार्गाने दोनदा गेलो आहोत. पहिली गोष्ट म्हणजे गाडीचा विचार सोडून द्या. डोव्हर-कॅले हे अंतर दीड तासाचे आहे, म्हणून तिथे कुत्रा गाडीत राहिला तरी चालते; स्पेनच्या लांब मार्गांवर त्याला परवानगी नाही आणि बोट समुद्रात असताना गाड्यांच्या मजल्यावर जाताही येत नाही. तिथे दोनच पर्याय असतात, एक कुत्र्यांच्या कोठड्या आणि दुसरा म्हणजे प्राण्यांसह राहता येईल अशी केबिन. चिंगीचा स्वभाव तुम्ही वर्णन केला आहे तसा असेल, तर केबिनच घ्या, आणि तशी केबिन मिळत नसेल तर तारीख बदला. या केबिन मोजक्याच असतात आणि सुट्टीच्या हंगामात कित्येक महिने आधी संपतात, म्हणून आधी केबिन पक्की करावी आणि मग बाकीच्या कागदपत्रांच्या मागे लागावे.

केबिनमध्ये गालिचा नसतो, पुसता येईल अशी जमीन असते, आणि बोट हलू लागली की कुत्र्याचे पाय त्यावर घसरतात. घरातली तिच्या अंगाचा वास असलेली जुनी सतरंजी न्या. केबिनबाहेर पडताना कुत्र्याला मुसके घालावे लागते, हे अनेकांना बंदरावर पोहोचल्यावर कळते. तोंड आवळून धरणारे कापडी मुसके घेऊ नका. ज्यात तिला धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल असे जाळीचे घ्या, आणि आतापासून रोज पाच-दहा मिनिटे, खाऊ देत देत, तिला त्याची सवय लावा. पिंजऱ्याला घाबरणारी कुत्री मुसक्यालाही घाबरण्याची शक्यता आहे, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये.

खरी अडचण समुद्राची नव्हतीच. आमचा कुत्रा आयुष्यभर गवतावर गेलेला. डेकवरच्या कुत्र्यांसाठी राखलेल्या जागेत त्याने सतरा तास काहीही केले नाही आणि आम्ही दोघे रात्री दर दोन तासांनी त्याला वाऱ्यात फिरवत होतो. दुसऱ्या खेपेला आम्ही घरीच त्याच्या लघवीचा वास लागलेला कृत्रिम हिरवळीचा तुकडा पिशवीत बांधून नेला आणि डेकच्या कोपऱ्यात अंथरला. दहा मिनिटांत काम झाले.

एक पशुवैद्य

गुंगीच्या औषधाबद्दल आधी लिहितो, कारण तो सल्ला चुकीचा आहे. ॲसेप्रोमॅझिनसारख्या औषधाने कुत्रे शांत दिसते, पण त्याची भीती जातेच असे नाही. रक्तदाब उतरतो, शरीराचे तापमान सांभाळले जात नाही आणि हलत्या जमिनीवर तोल राखणे कठीण होते. बोट लागून उलट्या होण्याची चिंता असेल तर मॅरोपिटंट हे औषध आहे, ते प्रवासाच्या किमान एक तास आधी द्यावे लागते आणि वजनानुसार मात्रा ठरत असल्याने तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावे. पिंजऱ्याच्या भीतीबद्दलही त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोला.

आता कागदपत्रे. १ जानेवारी २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये दिलेला जुना पाळीव प्राण्यांचा पासपोर्ट युरोपीय संघात चालत नाही. त्याऐवजी अधिकृत पशुवैद्याने प्रवेशाच्या आधीच्या दहा दिवसांत दिलेले आरोग्य प्रमाणपत्र लागते. प्रत्येक पशुवैद्याला तो अधिकार नसतो, त्यामुळे आपल्या दवाखान्यात आधी विचारून घ्यावे. त्याच प्रमाणपत्रावर काही महिने युरोपीय संघात फिरून परत येता येते, पण पुढच्या खेपेला नवे काढावे लागते. रेबीजची लस मायक्रोचिप बसवल्यानंतर दिलेली हवी. चिंगीची लस पुण्यात घेतलेली असेल तर तिची मुदत तपासा, कारण मुदत एका दिवसानेही उलटली असेल तर पुढची लस ही पहिलीच धरली जाते आणि तिच्यानंतर २१ दिवस थांबावे लागते. हा घोळ मी दवाखान्यात वरचेवर पाहतो.

दहीभाताबद्दल वाईट वाटते, पण ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यास बंदी आहे आणि मांस असलेले कुत्र्यांचे नेहमीचे अन्नही तिच्यात येते. बोटीवर लागेल तेवढाच डबा न्या, उतरण्यापूर्वी संपवा आणि पुढचे स्पेनमध्ये विकत घ्या. दक्षिणेकडे जाणार असाल तर तिथे वाळूमाशीमुळे लीशमॅनिया या रोगाचा धोका आहे. माश्यांना दूर ठेवणारा डेल्टामेथ्रिनचा पट्टा निघण्याच्या किमान आठवडाभर आधी गळ्यात घालावा.

तीनदा_सांतांदेर

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, पण परतीचा हिशेब कोणीच मांडलेला नाही आणि बहुतेकांची फजिती तिथेच होते. ब्रिटनमध्ये परत येताना पशुवैद्याकडून टेपवर्मचे (पोटातल्या पट्टकृमीचे), म्हणजे प्राझिक्वांटेलचे औषध द्यावे लागते आणि ते ब्रिटनमध्ये पोहोचण्याच्या वेळेपूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान दिलेले असावे लागते. निघण्याच्या नव्हे, पोहोचण्याच्या. पाच दिवसांच्या मुदतीतला सव्वा दिवस बोटच खाऊन टाकते. समजा, तुम्ही सोमवारी दुपारी सांतांदेरहून निघालात आणि मंगळवारी रात्री आठला पोर्ट्समथला पोहोचलात, तर गुरुवारी सकाळी घेतलेले औषध वाया गेले, कारण मुदत गुरुवारी रात्री आठपासून सुरू होते. रविवारी दवाखाने बंद असतात, तेव्हा शुक्रवारचीच वेळ घ्यावी, आणि ती स्पेनमध्ये पोहोचल्या पोहोचल्या ठरवून टाकावी.

आमच्या प्रमाणपत्रावर तिथल्या डॉक्टरांनी तारीख लिहिली, शिक्का मारला, पण वेळ लिहिली नाही. बंदरावर चिप तपासणाऱ्या बाईंच्या ते लक्षात आले आणि आम्ही त्या दवाखान्याला फोन करत, बोट समोर उभी असताना, दीड तास घामाघूम होऊन बसलो. दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी औषधाचे नाव, तारीख, वेळ, सही आणि शिक्का हे सारे तिथेच उभे राहून वाचा.

साउदॅम्प्टनकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लसीची मुदत तपासली. ती ऑगस्टच्या मध्यावर संपते आहे, म्हणजे ती जुलैतच पुन्हा द्यावी लागेल. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या केबिन संपल्या आहेत, तिसऱ्यात एक शिल्लक होती, ती घेतली. मुसके आज आणले आहे आणि चिंगी सध्या त्यातून चीज चाटते आहे, घालू मात्र देत नाही. हिरवळीच्या तुकड्यावर लघवी करायला तिने घरीच शिकावे यासाठी किती दिवस आधी सुरुवात करावी?

लाटांवर

आम्हाला तीन आठवडे लागले. तुकडा आधी बागेतल्या तिच्या नेहमीच्या जागीच ठेवा, तिथे ती जाऊ लागली की रोज हातभर घराकडे सरकवा आणि शेवटी फरशीवर आणा. पाऊस आला तरी धुऊ नका.