ओहतानीला विकावं की ठेवावं? (एंजल्स आणि १ ऑगस्टची डेडलाइन)

अनाहाइमकर · २४ जुलै २०२३

आठ दिवस उरले. १ ऑगस्टला आमच्याकडे दुपारचे तीन वाजले की ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) बंद, आणि आमच्या एंजल्स या बेसबॉल संघाचे मालक आर्टे मोरेनो अजून तळ्यात-मळ्यात.

क्रिकेटवाल्यांसाठी थोडक्यात. इथे लिलाव नसतो. ज्यांना यंदा जिंकायची आशा आहे ते तयार खेळाडू घेतात, ज्यांनी आशा सोडली ते देतात आणि बदल्यात खालच्या लीगमधली कोवळी पोरं घेतात. आमच्या शोहेई ओहतानीचा करार मोसम संपताच संपतो. तो पिचिंग करतो (म्हणजे तुमची बोलिंग) आणि वर ३६ होमरन (तुमचे षटकार) मारून बसलाय, हे सांगायला नकोच.

माझं मत: विका. २०१४ नंतर आपण प्लेऑफ (मोसमाअखेरची बाद फेरी) पाहिलेला नाही. आपला दुसरा तारा ट्राउट, त्याच्या हाताचं हाड ३ जुलैला मोडलं. रेंडन (करार सात वर्षं, २४.५ कोटी डॉलर!) नेहमीप्रमाणे दवाखान्यात. नोव्हेंबरात ओहतानी मोकळा झाला की आपल्या हाती काय? ड्राफ्टमधली (संघ नवी पोरं पाळीपाळीने निवडतात त्यातली) दुसऱ्या फेरीनंतरची एक निवड. गेल्या वर्षी वॉशिंग्टनने सोटो हा तगडा बॅटर दिला तर एब्रम्स, गोर, वुड अशी पोरांची रांग मिळाली. आपण मात्र शेवटच्या दिवसापर्यंत देव पाण्यात घालून बसणार.

फिरकीवाला · २४ जुलै

सोटोचं उदाहरण इथे चालत नाही हो. त्याच्या कराराची अडीच वर्षं शिल्लक होती. ओहतानीचे दोन महिने. भाड्याच्या खोलीला मालकीच्या फ्लॅटचा भाव कोण देणार? असाच भाडेकरू मचाडो आठवा. २०१८च्या जुलैत बाल्टिमोरने तो डॉजर्सना दिला, पाच पोरं घेतली. त्यातला क्रेमर तेवढा कामाला आला. बाकीच्यांची नावं न बघता सांगा, मी मानेन.

आणि अर्ध्या मोसमाला घेणाऱ्या संघाला ती ड्राफ्टची निवडही मिळत नाही, कारण नियमाने तो मध्येच आलेल्या खेळाडूला क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाचा ठराविक पगाराचा प्रस्ताव; तो नाकारून खेळाडू गेला तरच ती निवड मिळते) देऊ शकत नाही. म्हणजे भाव आणखी खाली.

अनाहाइमकर · २४ जुलै

पाचात एक क्रेमर निघाला तरी शून्यापेक्षा बराच की!

शिकागोची_सून · २५ जुलै

आमच्याकडे या आणि २०१६ बद्दल कुणालाही विचारा. पिचर चॅपमनसाठी आमच्या कब्जने यांकीजला ग्लेबर टोरेस हे पोरगं दिलं, शिवाय आणखी तिघे. चॅपमन हिवाळ्यात परत यांकीजकडे गेला. टोरेस तिकडे ऑल-स्टार झाला. पण १०८ वर्षांनी कप आला. आमचे सासरे त्या रात्री अंगणात येऊन ढसाढसा रडले, आणि तो माणूस मुलीच्या पाठवणीलासुद्धा रडला नव्हता. (चॅपमन त्याच वर्षी घरगुती हिंसेच्या प्रकरणात ३० सामने बाहेर बसला होता. त्याच्या नावाने टाळ्या वाजवताना मला अजूनही कसंतरी होतं. असो.)

जिंकायची संधी समोर असताना भविष्याचं लोणचं घालून काय करायचं?

फिरकीवाला · २५ जुलै

ताई, कब्ज तेव्हा आपल्या गटात पहिले होते. एंजल्स वाइल्ड कार्डच्या (गट न जिंकताही प्लेऑफला नेणाऱ्या जागांच्या) रांगेत बाहेर उभे आहेत. मीही ओहतानीला ठेवा म्हणतोय, पण म्हणून पोरं देऊन नवे खेळाडू आणू नका. तिसरा रस्ता आहे: काहीच करू नका.

अनाहाइमकर · २५ जुलै

काहीच न करणं हा रस्ता आम्ही नऊ वर्षं चालतोय, बुवा.

वामनराव_मिशिगन · २६ जुलै

मी १९८५ पासून डेट्रॉइटजवळ आहे. १९८७च्या ऑगस्टात आमच्या टायगर्सनी पिचर डॉयल अलेक्झांडर आणला. वय ३६. त्याने आमच्यासाठी नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही. आम्ही टोरांटोला मागे टाकून गट जिंकला आणि मग मिनेसोटाकडून हरलो. बदल्यात दिलेलं पोरगं म्हणजे जॉन स्मोल्ट्झ. अटलांटाकडून खेळून तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

लोक मला विचारतात, पस्तावा होतो का. त्या सप्टेंबरात नाही झाला. नंतरची वीस वर्षं रोज झाला.

आज पावसाने मॅच धुतली. उद्या इथल्या कोमेरिका पार्कात एंजल्सशी लागोपाठ दोन आहेत. तिकीट काढलंय.

शिकागोची_सून · २६ जुलै, रात्री

बातमी आली! ओहतानी विकायचा नाही. उलट व्हाइट सॉक्सकडून गिओलितो आणि लोपेझ हे पिचर घेतले. दिले केरो आणि बुश.

फिरकीवाला · २६ जुलै, रात्री

केरो?! आपल्याकडे धड दोन-चारच पोरं होती, त्यातला हा कॅचर. ज्या संघाने २०२१च्या ड्राफ्टमध्ये वीसच्या वीस पिचर उचलले, त्याने बॅट धरू शकणारा पोरगा सोडावा, तोही दोन भाडेकरूंसाठी!

वामनराव_मिशिगन · २७ जुलै

आत्ताच घरी आलो. पहिल्या मॅचला ओहतानीने नऊच्या नऊ इनिंग्ज टाकल्या. समोरच्यांना एक हिट, शून्य रन. थोड्या वेळाने दुसरी मॅच सुरू झाली आणि दोन होमरन मारले, ३७ वा आणि ३८ वा. मग पेटके आले म्हणून बाहेर गेला. माझ्या शेजारचा टायगर्सची टोपी घातलेला म्हातारा उभा राहून टाळ्या वाजवत होता, मीही.

तुमचा हिशोब बरोबर असेल, अनाहाइमकर. पण हे विकून पोरांची यादी घरी आणायची, हे मला जमलं नसतं.

अनाहाइमकर · २७ जुलै

काका, तुमच्यापुढे बोलत नाही. पण मी दर आठवड्याला स्टेडियमचं पार्किंग भरतो, मला बोलायचा हक्क आहे. :)

अनाहाइमकर · १२ डिसेंबर २०२३

धागा वर काढतोय. राग नाही, हिशोब.

३ ऑगस्टला ओहतानीने ४० वा होमरन मारला, आपण नवव्या इनिंगपर्यंत पुढे होतो, आणि मग सिॲटलच्या मार्लोने आपला पिचर एस्तेवेझला ग्रँड स्लॅम (चार रनांचा होमरन) मारला. तिथेच मोसम संपला असं मी धरतो. महिनाभरात २७ पैकी १९ हरलो. २३ तारखेला ओहतानीच्या कोपराचं लिगामेंट फाटलं. २९ला लक्झरी टॅक्स (पगाराची मर्यादा ओलांडल्याचा दंड) वाचवायला गिओलितो, लोपेझ आणि मूरसह आणखी चौघे वेव्हरवर टाकले, म्हणजे कुणीही उचला. गिओलितो, लोपेझ आणि मूर तिघांनाही क्लीव्हलंडने फुकटात उचललं. शेवट ७३ विजय, ८९ पराभव. आणि परवा तो गेला डॉजर्सकडे, दहा वर्षं, ७० कोटी डॉलर. अर्ध्या तासावर!

फिरकीवाला · १२ डिसेंबर

केरोबद्दल मी ओरडलो होतो, नोंद असावी. पण तुमच्या बाजूचं काय? विकला असता तर ऑगस्टात कोपर फाटलेला माणूस दुसऱ्याच्या गळ्यात, आणि तुमच्या हाती पाच पोरं, त्यात एक क्रेमर.

अनाहाइमकर · १२ डिसेंबर

घेतला असता. आनंदाने घेतला असता तो एक क्रेमर.

शिकागोची_सून · १३ डिसेंबर

अवांतर: हार्दिक गुजरातहून मुंबईला गेला त्यावर वेगळा धागा काढा ना कुणीतरी. माझ्या नवऱ्याने तीन दिवस जेवताना दुसरं काही बोललेलं नाही.