समुद्राकाठच्या लाकडी कुंपणाला कोणता लेप द्यावा आणि तो केव्हा द्यावा?

आगरवाट

नमस्कार मंडळी.

गुहागर तालुक्यात, समुद्रापासून साधारण ३०० मीटरवर आमचे घर आहे. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात माड कोसळून अंगणाच्या पश्चिमेकडील गडग्याचा, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणभिंतीचा, मोठा भाग ढासळला. तेथे पुन्हा चिरे न लावता आम्ही २०२३ च्या जानेवारीत ६० फूट लांबीचे लाकडी कुंपण उभारले. खांब सागाचे, चार इंच बाय चार इंचाचे असून ते काँक्रीटमध्ये रोवलेले आहेत. आडव्या पट्ट्या किंजळीच्या झाडाच्या लाकडाच्या आहेत आणि त्या साध्या लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या आहेत. रंगकाम रखडत गेले आणि शेवटी मेच्या अखेरीस, पाऊस दाराशी आलेला असताना, पारदर्शक चकचकीत वार्निशचे दोन हात देऊन ते घाईने उरकण्यात आले.

पहिल्या पावसात काही जाणवले नाही. दुसऱ्या पावसानंतर मात्र वार्निशला फोड आले, ते जागोजागी सालीसारखे सुटू लागले, त्याखाली पांढुरके व काळे डाग दिसू लागले आणि प्रत्येक खिळ्याभोवती शाई सांडल्यासारखा काळा ओघळ उतरला. परवा एका खांबाच्या बुंध्याशी चाकूचे टोक दाबून पाहिले, तर ते अर्धा इंच सहज आत गेले. पश्चिमेची बाजू सर्वांत वाईट अवस्थेत आहे.

रंगारी म्हणतो की सगळे घासून पीयूचे (पॉलियुरेथेन या कडक पारदर्शक लेपाचे) तीन हात द्यावेत. शेजारचे आजोबा काजूच्या टरफलांचे तेल लावायला सांगतात. लाकूड चांगले आहे आणि ते वाया जाऊ नये, असे मनापासून वाटते. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

किंजळ

आपल्या कुंपणाचे जे झाले त्यात लाकडाचा दोष नाही, आणि वार्निश हलक्या दर्जाचे होते असेही मला वाटत नाही. दोष आहे तो दमट लाकूड काचेसारख्या पापुद्र्याखाली कोंडण्याचा.

लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे सतत कमी-जास्त पाणी धरते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडात सुमारे १२ टक्के पाणी राहते. ती ९० टक्क्यांवर गेली की पावसाचा एक थेंबही अंगावर न पडता हेच प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोहोचते, आणि कुजवणाऱ्या बुरशीला तग धरायला साधारण एवढा ओलावा पुरतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या घरात किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे लाकूड फुगते. पुढे मार्च-एप्रिलच्या उन्हात ते आकसते. वार्निशचा कडक पापुद्रा या हालचालीबरोबर ताणला जात नाही, म्हणून सांध्यांशी आणि खिळ्यांशी त्याला केसासारख्या चिरा पडतात. त्या चिरांतून पाणी आत शिरते, पण बाहेर पडायला त्याला तेवढी वाट मिळत नाही. शिवाय पारदर्शक वार्निशमधून ऊन थेट लाकडापर्यंत पोहोचते, तेथील तंतूंना धरून ठेवणारे लिग्निन तोडते, आणि वार्निश ज्या पृष्ठभागाला चिकटलेले असते तो पृष्ठभागच भुसभुशीत होतो. आपल्याला दिसलेली साल बहुधा अशीच सुटलेली आहे. तिची मागची बाजू पाहा, तिला लाकडाचे बारीक तंतू चिकटलेले आढळतील.

म्हणून पीयूचे तीन हात देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. घरातील दाराला पीयू उत्तम, पण समुद्राकडे तोंड करून उघड्यावर उभ्या असलेल्या कुंपणावर त्याचेही पुढे असेच पापुद्रे निघतील आणि ते खरवडणे वार्निशपेक्षा जड जाईल. येथे लाकडात मुरणारा, पृष्ठभागावर थर न धरणारा, रंगद्रव्य असलेला तेलाधारित स्टेन वापरावा. रंगद्रव्याचा आग्रह शोभेसाठी नाही. बहुतेक तपकिरी स्टेनमध्ये लोहाची ऑक्साइडे असतात, म्हणजे आपल्या गेरूच्याच जातीचे द्रव्य, आणि तेच ऊन अडवते. बुरशीरोधक घटक असल्याचे डब्यावर लिहिले आहे, याचीही खात्री करून घ्यावी. असा स्टेन सोलत नाही, फक्त फिका होत जातो. तो फिका झाला की धुऊन वर आणखी एक हात देता येतो, खरवडावे लागत नाही. पश्चिमेकडील बाजूला दरवर्षी आणि बाकीच्या बाजूंना एक वर्षाआड हात द्यावा लागेल, असे धरून चालावे.

आता मुख्य प्रश्न वेळेचा. मेअखेरीस केलेले रंगकाम हा आपल्या किनाऱ्यावरचा सर्वांत सामान्य अपराध आहे, कारण लेप पुरता वाळण्याआधीच आर्द्रता चढू लागते. पाऊस संपला की लगेच लावणेही तितकेच चुकीचे, कारण वरून कोरडे दिसणारे लाकूड आतून ओले असते. मी एक साधी गोष्ट करतो. कुंपणाच्याच लाकडाचा वीतभर तुकडा कुंपणाला बांधून ठेवतो आणि पाऊस सरल्यावर दर रविवारी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करतो. गेल्या वर्षी गणपतीत तो ६१२ ग्रॅम भरला, दिवाळीनंतर ५६५, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ५४१ वर येऊन थांबला. दोन आठवडे वजन हलले नाही, तेव्हा मी डबा उघडला. डिसेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. फक्त पहाटेचे दव पुरते उडाल्यावर, दहाच्या सुमारास, काम सुरू करावे आणि चारच्या आत आवरावे.

हर्णेबंदर

काजूच्या टरफलांच्या तेलाबद्दल लिहितो, कारण आमच्या घरी लाकडी होड्या होत्या आणि पावसाळ्यात होडी वर ओढली की हे काम ठरलेले असे.

आजोबांचा सल्ला चुकीचा नाही, तो फक्त कुंपणाच्या योग्य भागापुरता घ्यावा. हे तेल वाळवी आणि बुरशी दोन्हींना दूर ठेवते, पण ते काळपट असते, सावकाश वाळते आणि बरेच दिवस हाताला चिकटते. कुंपणाच्या दर्शनी पट्ट्यांवर लावल्यास टेकणाऱ्याचे कपडे खराब होतील. दुसरे असे की कच्चे तेल कातडी जाळते. काजू भाजणाऱ्या बायकांचे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय डबा उघडू नये, आणि तेल वाळेपर्यंत मुलांना जवळ फिरकू देऊ नये. खांबांचे बुंधे, पट्ट्यांची खालची कड, जेथे हात लागत नाही आणि डोळाही जात नाही, तेथे मात्र मी आजही तेच लावतो.

एक सूचना किंजळ यांच्या म्हणण्यात जोडतो. लेपाआधी कुंपण गोड्या पाण्याने भरपूर धुवावे. वाऱ्याबरोबर येणारे मीठ लाकडावर बसते, आणि हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून स्वतःच ओले होते. किनाऱ्यावर वर्षातील बहुतेक रात्री तेवढी आर्द्रता असतेच. मिठावर दिलेला लेप ओल्या फडक्यावर दिल्यासारखा आहे. आमच्याकडे जिभेने चाखून पाहण्याची पद्धत होती; धुतलेले लाकूड खारट लागले तर पुन्हा धूत असू. आपल्याकडे वार्निश आहे, तेव्हा आपण चाखू नये, पाणी मात्र दोनदा मारावे.

चिरेबंदी

वरील दोघांशी मी सहमत आहे, परंतु आपल्या वर्णनात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती चाकू अर्धा इंच आत गेल्याची. त्यावर कोणताही स्टेन उपाय नाही.

काँक्रीटमध्ये रोवलेला खांब म्हणजे पेल्यात उभा केलेला खांब. लाकूड आकसले की काँक्रीट आणि लाकूड यांच्यामध्ये फट पडते आणि पावसाचे पाणी तेथे साचून राहते. जमिनीलगतचा वीतभर भागच आधी कुजतो, कारण बुरशीला पाणी आणि हवा दोन्ही लागतात आणि ती दोन्ही तेथेच एकत्र मिळतात. सागाचा गाभा टिकाऊ असतो, पण बाहेरचा फिकट भाग टिकाऊ नसतो, आणि चार इंची खांबाच्या कोपऱ्यांवर तो अनेकदा राहून जातो. आपला चाकू कोपऱ्यात शिरला की मध्यावर, ते पुन्हा पाहावे. कोपराच गेला असेल तर खांब वाचतो.

मी आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी असे खांब जमिनीपासून नऊ इंचांवर कापले, खाली चिऱ्याचा ठोकळा बसवला, त्यात स्टेनलेस स्टीलची पादुका, म्हणजे खांबाखालची बैठक, बोल्टने पक्की केली आणि खांब तिच्यावर अशा रीतीने उभा केला की लाकडाच्या तळाखाली दोन इंच मोकळी हवा राहील. स्टील घेताना ३१६ प्रतीचे मागावे. ३०४ प्रतीवर समुद्राच्या हवेने तांबूस डाग पडतात.

खिळ्यांचेही तसेच. लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळे संयुग तयार होते. आपली सांडलेली शाई तीच आहे. जुने खिळे काढून स्टेनलेसचे स्क्रू घालावेत. डागांसाठी एक लिटर कोमट पाण्यात सुमारे १०० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल प्लास्टिकच्या बादलीत विरघळवून ब्रशने लावावे, वीस मिनिटे ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. हे विष आहे. हातमोजे घालावेत आणि धुवणाचे पाणी गुरांच्या डोणीकडे किंवा विहिरीकडे जाऊ देऊ नये. घासण्यासाठी लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये, कारण त्याचे तुटलेले कण लाकडात अडकतात आणि पहिल्या पावसात शेकडो नवे काळे ठिपके उमटतात.

खांबांचे माथे सपाट असतील तर उतरते कापून घ्यावेत. कापलेल्या टोकांतून लाकूड बाजूंच्या कितीतरी पट वेगाने पाणी पिते, म्हणून माथ्याला, बुंध्याला आणि पट्ट्यांच्या टोकांना लाकूड पिणे थांबवेपर्यंत स्टेन पाजावा.

आगरवाट

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, याबद्दल मनापासून आभार. सकाळी पुन्हा तपासले. आठपैकी तीन खांबांमध्ये फक्त कोपरे मऊ आहेत, एक खांब मध्यापर्यंत गेला आहे आणि बाकीचे चार घट्ट आहेत. चिऱ्याच्या ठोकळ्यांचे काम गवंड्याशी बोलून ठरवले आहे.

दोन शंका राहतात. वार्निश कुठे कुठे अजून घट्ट आहे, तेथे ते तसेच ठेवून वर स्टेन चालेल का? आणि डबल बॉइल अळशीचे तेल स्वस्त मिळते, तेच स्टेनऐवजी वापरले तर?

किंजळ

वार्निश राहिले तेथे स्टेन मुरणार नाही, वर चिकट पडून राहील, त्यामुळे ते पूर्ण काढावेच लागेल. खरवडून झाल्यावर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे आणि तेथेच थांबावे. फार गुळगुळीत केलेले लाकूड स्टेन कमी पिते. काढले की नाही हे ओळखायला पाण्याचे थेंब टाकून पाहावेत; थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वार्निश शिल्लक आहे, पसरून काळसर झाला तर लाकूड मोकळे आहे. ही परीक्षा झाली की ते पुन्हा वाळू द्यावे.

अळशीच्या तेलाबाबत माझा अनुभव वाईट आहे. आगराच्या (वाडीच्या) मागच्या बेड्याला (फाटकाला) मी नुसते तेच लावले होते आणि पुढच्या गणपतीपर्यंत ते सबंध काळे पडले. नुसते तेल बुरशीला खाद्य पुरवते, आणि त्यात रंगद्रव्य नसल्याने ऊनही अडत नाही. कोरड्या मुलखात ते चालत असेल.

हर्णेबंदर

माझ्या मते अळशीचे तेल इतके टाकाऊ नाही. घरात, वासे आणि खुंट्यांना ते छान मुरते. माडाच्या सावलीतल्या कुंपणावर मात्र काळेपणा येतो, हे खरे. तेथे कोणताही लेप दिला तरी शेवाळ धरणारच, म्हणून खालची झावळ आणि पालापाचोळा पावसाआधी बाजूला करावा आणि पट्टीची खालची कड जमिनीपासून चार बोटे तरी वर ठेवावी. पडवीला आपण झापे बांधतो तसे कुंपणाला ताडपत्रीने गुंडाळू नये. आत वारा फिरला नाही तर चार महिने ते लाकूड वाफेत ठेवल्यासारखे होईल.

चिरेबंदी

एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली. स्टेन पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. अळशीचे तेल असो किंवा तेलाधारित स्टेन, वाळताना ते हवेतील प्राणवायू घेते आणि उष्णता सोडते. फडक्यांचा ढीग असेल तर ती उष्णता आत कोंडून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. एकेक फडके उलगडून गडग्याच्या चिऱ्यांवर सावलीत पसरावे, कडक होईपर्यंत वाळू द्यावे आणि मगच टाकावे. लगेच वाळत घालणे शक्य नसेल, तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवून ठेवावीत.

आगरवाट

हे मला अजिबात ठाऊक नव्हते. पत्र्याचा डबा आजच बाजूला काढून ठेवतो. किंजळीचा वीतभर तुकडाही कुंपणाला बांधला आहे. आजचे वजन ५८८ ग्रॅम भरले. ते थांबले की येथे लिहीन.