मदत हवी आहे: १४ वर्षांनी निर्दोष सुटलेल्या मामांची भरपाई आणि कागदपत्रे

नमस्कार. माझे सख्खे मामा गेल्या ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाच्या निकालाने निर्दोष सुटून घरी आले. आम्ही दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहतो. २०११ साली खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली तेव्हा ते ३८ वर्षांचे होते आणि दुसऱ्याच्या होडीवर तांडेल (होडीचा प्रमुख) म्हणून जात असत. त्यानंतर ३ वर्षे ते कच्चे कैदी होते आणि ११ वर्षे पक्के. खटला ज्या कोयत्यावर उभा होता, त्याच्या जप्तीच्या वेळी दोन्ही पंच जागेवर हजरच नव्हते, असे निकालपत्रात स्वच्छ लिहिले आहे. तरीही शेवटच्या परिच्छेदात 'संशयाचा फायदा देऊन' हे शब्द आले आहेत आणि माझे निम्मे प्रश्न या तीन शब्दांतूनच निघालेले आहेत.

घाई मुदतीमुळे आहे. माझ्या वाचनाप्रमाणे, द्वेषबुद्धीने खटला भरल्याबद्दल नुकसानभरपाईचा दिवाणी दावा निर्दोष सुटल्यापासून १ वर्षाच्या आत लावावा लागतो आणि समोरच्याचा द्वेष आपणच सिद्ध करावा लागतो. दुसरा मार्ग संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे शासनाविरुद्ध हक्कासाठी थेट दाद मागणारा अर्ज, करण्याचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्याने रत्नागिरी जिल्ह्याची प्रकरणे आता तिकडे जातात. (दापोलीकरांना कोल्हापूर मुंबईपेक्षा जवळ पडते असे नाही, पण तो विषय वेगळा.) विनाकारण अटक करवणाऱ्याकडून भरपाई मिळण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे, तिची कमाल मर्यादा १,००० रुपये आहे. हर्णै बंदरावरच्या लिलावात तेवढ्यात एखादी बरी सुरमई येईल.

जुने निकाल वाचून माझा गोंधळ वाढला आहे. रुदुल शाह प्रकरणात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिली खरी, पण तो माणूस १९६८ साली निर्दोष ठरूनही १९८२ पर्यंत आतच ठेवला गेला होता. मामांची कैद मात्र न्यायालयाच्याच आदेशाने चालू होती. आपल्या राज्यातला निकाल त्याहून जवळचा वाटतो. अंकुश मारुती शिंदे प्रकरणात मार्च २०१९ मध्ये, फाशीची शिक्षा झालेल्या भटक्या जमातीतील ६ जणांना निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाला प्रत्येकी ५ लाख रुपये देण्यास सांगितले. मात्र तिथे भरपाईचा आदेश त्याच निकालात होता आणि मामांच्या निकालात तसे एक वाक्यही नाही. विधी आयोगाने २०१८ च्या २७७व्या अहवालात अशा भरपाईसाठी विशेष न्यायालये सुचवली होती. त्याचा कायदा झालेला नाही. तेव्हा निकालात भरपाईचा उल्लेख नसताना आणि 'संशयाचा फायदा' असे शब्द असताना, स्वतंत्र रिट याचिका करून कोणाला काही मिळाल्याचे आपल्यापैकी कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का?

खरी अडचण अशी की मामांना न्यायालयच नको आहे. "माझं नाव परत कोणी पुकारायचं नाही," एवढेच ते म्हणतात. रिट याचिका प्रतिज्ञापत्रावर चालते आणि वकीलपत्रावर सही केली की त्यांना पिंजऱ्यात उभे राहावे लागत नाही, ही माझी समजूत बरोबर असेल, तर कदाचित त्यांना राजी करता येईल. दिवाणी दाव्यात त्यांची साक्ष आणि उलटतपासणी टळणार नाही, असे वाटते.

पैशांपेक्षा ते तीन शब्द गावात जास्त नडतात. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, पण मामांच्या अटकेपासून ती आजोळच्या घरासमोरून न थांबता पुढे जाते. यंदा मी निकालाची प्रत घेऊन गावकीच्या बैठकीला गेलो, तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी शांतपणे विचारले, "निर्दोष म्हणजे त्याने केलं नाही असं लिहिलंय, की पुरावा गावला नाही असं?" मला उत्तर देता आले नाही. हे शब्द वगळून घेण्यासाठी अर्ज करता येतो का, की तसे करणे म्हणजे हाती असलेला निकाल पुन्हा उकरणे ठरेल?

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. अटकेच्या वेळी आमच्याकडे आधारची शिबिरे झालेली नव्हती, त्यामुळे त्यांचे आधार नाही; आधार नाही म्हणून बँकेत खाते नाही आणि बोटीवर खलाशी म्हणून नोंदही होत नाही. नोंदणी केंद्रावर यंत्राने त्यांच्या दहा बोटांपैकी चारांचेच ठसे घेतले, कारण तुरुंगातल्या हातमागावर बाकीची झिजली आहेत. तिथल्या मुलाने सहज विचारले, "आजोबा, इतकी वर्षं आधार का नाही काढलं?" त्यावर मामा ताठ उभे राहिले आणि भरल्या रांगेसमोर त्यांनी आपला बंदी क्रमांक सांगितला. तेव्हापासून ते माझ्यासोबत कुठल्याही कार्यालयात आलेले नाहीत. आजोबा गेल्यावर झालेल्या वारस नोंदीत मामांचे नाव नाही, पण ते काम तलाठ्यांकडे मी पाहीन.

घरात आता स्वयंपाक चारला होतो, कारण पाचला जेवून सूर्य मावळायच्या आत मामा माजघरात जाऊन बसतात. तुरुंगात त्या वेळेला कैद्यांना बराकीत बंद करत असत. बराकीतला दिवा रात्रभर जळत असल्याने अंधारात त्यांना झोप येत नाही आणि उजेडात आईला येत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर आई मराठीतून नीट बोलली, पण मामा फोन हातात घेत नाहीत. दीर्घ तुरुंगवासानंतर घरी आलेल्या माणसाशी बोलण्याचा अनुभव असलेले, शक्यतो घरी येऊ शकणारे कोणी रत्नागिरी जिल्ह्यात असल्यास कृपया सुचवावे. शिक्षा भोगून सुटलेल्यांना परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांमार्फत जे साहाय्य मिळते, ते निर्दोष सुटलेल्यालाही लागू होते का, हेही कळवावे.

निकालपत्राची प्रमाणित प्रत आणि कारागृहाचा सुटकेचा दाखला माझ्याजवळ आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील घ्यावा की रिटचा अनुभव असलेला खासगी वकील शोधावा, याबद्दलही कृपया लिहावे. हे सगळे लिहू का, म्हणून मी मामांना विचारले होते. गावाचे नाव घालू नकोस, एवढेच ते म्हणाले.