निकालाच्या नकलेचा (अधिकृत प्रतीचा) अर्ज आजच टाका

खानापूरच्या दादांनी वर विचारलंय, पंपाची मोटार न् केबल चोरल्याच्या केसमध्ये बाल न्याय मंडळाचा निकाल पुतण्याच्या विरोधात गेला, आता काय?

दादा, २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १०१ बघा. अपील बाल न्यायालयात (मंडळाच्या वरचं कोर्ट), मुदत आदेशाच्या तारखेपासून ३० दिवस. आमच्या भाच्याचीही अशीच केस होती, त्याचा आदेश कन्नडमध्ये. तो नीट वाचून सांगणारा माणूस शोधण्यातच आमचे १२ दिवस गेले! उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून अर्ज जोडता येतो, पण त्या भरवशावर राहू नका. वकिलाची फी झेपत नसेल तर बेळगावात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, मुलांना वकील फुकट मिळतो.

आणि पंचनामा काढून बघा. केबल नेमकी कुणाकडं सापडली? आमच्या केसमध्ये ती भंगारवाल्याच्या गोणीत होती, पोराच्या हातात नव्हे.