भौमितिक वळणाचा फॉन्ट मराठी मजकुराला चालतो का?

जुळारी:
आमच्या वाचनालयाचा यंदाचा अहवाल पॉपिन्स या भौमितिक, म्हणजे वर्तुळे आणि सारख्या जाडीच्या रेघांवर बेतलेल्या, फॉन्टमध्ये छापला गेला. मुखपृष्ठावर तो झकास दिसतो, पण आतली 9 पॉइंटातली (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचे माप) पाने वाचताना ‘घन’ आहे की ‘धन’, हे पाहण्यासाठी मला दोनदा मागे यावे लागले. इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीच्या या फॉन्टची देवनागरी निनाद काळे यांनी आणि रोमन (इंग्रजी) अक्षरे जॉनी पिनहॉर्न यांनी रेखाटली. त्यांच्या कौशल्याबद्दल शंका नाही. आक्षेप तत्त्वावर आहे. देवनागरीचे वळण तिरक्या कापाच्या बोरूतून आले असून जाड-बारीक रेघेवर आपला डोळा पोसला आहे. ती जाडी सर्वत्र सारखी करून वर्तुळे जुळवली, की ध-घ, भ-म, ब-व या जोड्या एकमेकींच्या फार जवळ येतात. असे फॉन्ट शीर्षकापुरतेच असावेत.

अक्षरवेडी:
असहमत. भौमितिक म्हणजे कंपासने काढलेला, हाच मुळात गैरसमज आहे. फ्रँकफर्टच्या बाउअर फाउंड्रीने 1927 मध्ये बाजारात आणलेला पाउल रेनर यांचा ‘फ्युचुरा’ हा फॉन्ट भौमितिक घराण्याच्या मूळपुरुषांपैकी एक. त्याच्या मोठ्या अक्षरांची प्रमाणे मात्र रेनर यांनी प्राचीन रोमन शिलालेखांवरून घेतली. सारख्या जाडीच्या दोन रेघांपैकी आडवी रेघ डोळ्याला जाड भासते, म्हणून ती किंचित बारीक करावी लागते. पॉपिन्समध्येही रेघा जिथे जुळतात तिथे अशी दुरुस्ती केलेली आहे. शिवाय ‘ध’ आणि ‘घ’ यांतला फरक शिरोरेषेतल्या फटीचा आणि सुरुवातीच्या गाठीचा आहे. त्याचा जाडीशी काय संबंध?

जुळारी:
फट आणि गाठ हेच तर 9 पॉइंटात बुजते. रोमन ‘n’मध्ये रेघ एका जागी जुळते, आपल्या ‘द्ध’मध्ये, ‘ट्ट’मध्ये अख्खे अक्षर दुसऱ्याच्या पोटाखाली बसवायचे असते, आणि ‘मार्गी’ लिहिताना वेलांटीच्या डोक्यावर रफार येतो. एवढी गर्दी एकसारख्या जाडीच्या रेघेत मावत नाही.

मधलीओळ:
दोष फॉन्टपेक्षा मांडणीचा वाटतो. पॉपिन्समध्ये देवनागरी अक्षराची उंची रोमन ‘h’ किंवा ‘d’च्या दांड्याएवढी आहे, त्यामुळे इंग्रजीच्या सवयीने ओळींमधले अंतर ठेवले तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडतात. मी बँकांच्या अ‍ॅपची कामे करतो. ‘शिल्लक’, ‘भरणा करा’ अशा दोन शब्दांच्या पाट्यांना, आकड्यांच्या शेजारी, याच्याइतका नेटका फॉन्ट मला अजून सापडलेला नाही. अहवाल 11 पॉइंटात, एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंत 17 पॉइंट अंतर ठेवून लावून पाहा.

जुळारी:
मग पाने दीडपटीहून अधिक होतील आणि कागदाचा खर्च आमची कार्यकारिणी मंजूर करणार नाही. पॉपिन्स मुळात पसरट आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्टही विनामूल्य आहे आणि कमी जागेत बसतो. मजकूर त्यात लावावा, मथळे पॉपिन्समध्ये राहू द्यावेत.

अक्षरवेडी:
तडजोड मान्य, तत्त्व अमान्य. एकच पान दोन्ही फॉन्टमध्ये छापून ज्येष्ठ सभासदांना वाचायला द्या, आणि त्यात ‘घरधनी’ हा शब्द आठवणीने घाला.